उंबरठ्याअलीकडचा उपचार

डब्लिन शहरातील १८८४ सालची ही गोष्ट आहे. अठ्ठावीस वर्षांचा एक मजूर शनिवारी मद्यगृहाजवळच्या कोपऱ्यावर उभा होता. आठवडाभर तो कामावर गेलेला नसल्यामुळे खिशात दमडी नव्हती. आठवड्याची मजुरी घेऊन परतणारे सोबती आपल्याला आत बोलावतील, एखादा पेला पाजतील, अशी त्याची खात्री होती. कारण स्वतःजवळ पैसे असताना त्यानेही कधी हात आखडता घेतला नव्हता. सोबती आले, ख्यालीखुशाली विचारून आत गेले. 'चल' असे कुणीच म्हटले नाही. तो माणूस मुकाट्याने घरी परतला आणि आपण दारू सोडण्याची शपथ घेणार आहोत असे त्याने आईला सांगितले. पाळायची असेल तरच घे, एवढेच ती माउली म्हणाली. त्याच दिवशी क्लॉनलिफ येथील होली क्रॉस महाविद्यालयात जाऊन त्याने पापनिवेदन केले आणि शपथ घेतली, तीही केवळ तीन महिन्यांपुरती.

या माणसाचे नाव मॅट टॅलबट. ७ जून १९२५ रोजी मिस्साला जाताना ग्रॅनबी लेन नावाच्या गल्लीत तो कोसळला आणि मरण पावला, तेव्हा त्याला दारू सोडून एक्केचाळीस वर्षे झाली होती. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्याला 'आदरणीय' घोषित केले. त्याचे उपवास, त्याची प्रार्थना, त्याने कमरेला बांधलेल्या साखळ्या यांविषयी आमच्या वाचकांनी प्रवचनांतून ऐकले असेल. आम्हांला आज त्याच्या चरित्रातील एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. टॅलबट कोणत्याही आश्रमात गेला नाही, कोणत्याही इस्पितळात दाखल झाला नाही. तेच शहर, तीच मजुरी, तीच मद्यगृहे ओलांडून घरी जाणारा तोच रस्ता. उधारी चुकवण्यासाठी तो त्याच मद्यगृहांच्या दारात जाऊन पैसे देऊन आला. एकदा दारूपायी त्याने सोबत्यांसह एका रस्त्यावरच्या वादकाचे फिडल लंपास करून विकले होते. त्या वादकाचा पुढे त्याने खूप शोध घेतला आणि तो सापडला नाही तेव्हा ते पैसे त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यास दिले. ज्या जगात तो बुडाला, त्याच जगात राहून तो वर आला.

आजच्या वैद्यकीय परिभाषेत ज्याला बाह्यरुग्ण उपचार म्हणतात, म्हणजे व्यसनी माणसाने घरी राहून, ठरलेल्या दिवशी दवाखान्यात किंवा सभेला येऊन घेतलेला उपचार, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. हा इतिहास आमच्या कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा आहे. 'त्याला कुठेतरी नेऊन टाका आणि बरा झाला की परत आणा' ही वाक्यरचना आमच्या धर्मग्रामांतून किती घरांत उच्चारली गेली असेल याची मोजदाद नाही. त्या 'कुठेतरी'ला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या 'परत आणा'लाही.

कुलुपामागचा काळ

दारूचा अतिरेक हा केवळ दुर्गुण नसून आजार आहे, हा विचार अमेरिकन डॉक्टर बेंजामिन रश यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस मांडला. आजार म्हटले की रुग्णालय आले. १८६४ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे दारुड्यांसाठी खास बांधलेल्या भव्य आश्रमात रुग्ण घेण्यास सुरुवात झाली. इंग्लंडमध्ये १८७९ च्या कायद्याने अशी सोय केली की, मद्यपी व्यक्तीने दंडाधिकाऱ्यासमोर सही करून आपले स्वातंत्र्य ठराविक काळासाठी स्वखुशीने गहाण ठेवावे आणि निवासी आश्रमात राहावे. पुढे १८९८ च्या कायद्याने दारूच्या नशेत वारंवार गुन्हे करणाऱ्यांना सक्तीने सुधारगृहात पाठवण्याची तरतूद झाली.

या व्यवस्थेमागे दुष्टावा नव्हता. माणसाला दारूपासून दूर ठेवले की दारूची ओढ आपोआप मरेल, असा तो सरळ तर्क होता. दारूपासून दूर ठेवणे जमलेही. अडचण होती ती फाटकाबाहेर. ज्या दिवशी फाटक उघडे, त्या दिवशी तो मनुष्य त्याच पेठेत, त्याच कर्जाच्या ओझ्याखाली आणि त्याच घरातल्या अबोल्यात परत येई. भिंतींनी त्याला दारूपासून वाचवले होते, पण दारू असलेल्या जगात कसे राहावे हे शिकवले नव्हते. बिंगहॅम्टनचा आश्रम पंधरा वर्षांत, १८७९ साली, वेड्यांच्या इस्पितळात रूपांतरित झाला.

त्याच १८७९ साली इलिनॉय राज्यातील ड्वाइट या गावात लेस्ली कीली नावाच्या डॉक्टरने आपल्या 'सोन्याच्या' औषधाचा गाजावाजा सुरू केला. त्या औषधाचा मसाला त्याने आयुष्यभर गुप्त ठेवला आणि त्यातल्या सोन्याचा दावा टिकला नाही. तथापि एक गोष्ट त्याच्या गावात वेगळी होती. रुग्ण कुलुपात नसत. ते गावातल्या खाणावळींत व विश्रामगृहांत राहत आणि दिवसातून चार वेळा सुई टोचून घेण्यासाठी रांगेत उभे राहत. त्या रांगेत ते एकमेकांशी बोलत. औषध खोटे ठरले. रांगेतला तो संवाद मात्र पुढच्या पिढ्यांनी वेगळ्या रूपात जपला.

चर्चच्या तळघरातून

आजच्या अर्थाने बाह्यरुग्ण उपचाराची पहिली ठळक खूण सापडते ती बोस्टन शहरातील एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये. १९०६ साली इमॅन्युएल चर्चचे एलवुड वूस्टर आणि सॅम्युएल मॅककोम या दोन पाळकांनी डॉक्टरांच्या सहकार्याने मनोरुग्णांसाठी व व्यसनींसाठी एक उपक्रम सुरू केला. त्याआधी वर्षभर त्याच चर्चमध्ये डॉक्टर जोसेफ प्रॅट हे क्षयाच्या गरीब रुग्णांचा 'वर्ग' घेत असत. रुग्णाने घरी राहावे, ठरलेल्या दिवशी वर्गाला यावे, आपली नोंदवही दाखवावी आणि इतरांची ऐकावी, अशी ती पद्धत होती. तीच पुढे मनाच्या आजारांना लागू झाली. आधी डॉक्टरांची तपासणी, मग एकांतातले बोलणे आणि आठवड्यातून एकदा सामुदायिक सभा असा क्रम असे. रात्री प्रत्येकजण आपापल्या घरी जाई.

या चळवळीतून सावरलेला कोर्टने बेलर नावाचा एक मनुष्य १९१३ च्या सुमारास स्वतःच इतर मद्यपींना मार्गदर्शन करू लागला. तो डॉक्टर नव्हता की पाळक नव्हता. त्याच्याजवळ एकच पात्रता होती: ज्या खाईतून समोरचा माणूस बोलतो आहे, ती त्याने आतून पाहिली होती. व्यसनोपचाराच्या इतिहासात ही पात्रता प्रथमच पगारी कामाच्या योग्यतेची मानली गेली.

अ‍ॅक्रनमधील पाच दिवस

यानंतरचा टप्पा आमच्या वाचकांना थोडाफार परिचित असेल. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल आणि डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे शस्त्रवैद्य यांची भेट झाली. विल्सनची दारू जेमतेम पाच महिन्यांपूर्वी सुटली होती आणि परगावी धंद्यात अपयश आल्याने त्याला पुन्हा दारूची ओढ लागली होती. स्वतःला वाचवायचे तर दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलले पाहिजे, असे त्याला वाटले. ही भेट त्यातून घडली. डॉक्टर स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेचा जन्मदिन मानला जातो.

या इतिहासात आमच्या ख्रिस्तसभेच्या दोन व्यक्ती ठळकपणे येतात. पहिली सिस्टर इग्नेशिया. १८८९ साली आयर्लंडमध्ये जन्मलेली ही धर्मभगिनी अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस इस्पितळात रुग्ण दाखल करून घेण्याचे काम पाहत असे. त्या काळी इस्पितळे दारुड्याला खाट देत नसत. १६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉक्टर स्मिथ यांच्या विनंतीवरून तिने एका मद्यपीला पोटाच्या विकाराचा रुग्ण म्हणून नोंदवून घेतले आणि एकांत मिळावा म्हणून त्याची खाट फुलदाण्या ठेवण्याच्या खोलीत हलवली. पुढे या इस्पितळात हजारो मद्यपींवर उपचार झाले. तिच्या पद्धतीचा विशेष असा की, मुक्काम साधारण पाच दिवसांचाच असे. शरीरातले विष उतरेपर्यंत इस्पितळ. त्यानंतरचे सारे घरी आणि सभेत. निरोप देताना ती प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचे छोटे पदक ठेवी आणि एक अट घाली. पुन्हा प्यायची वेळ आलीच, तर पहिला पेला घेण्याआधी हे पदक मला परत आणून द्यायचे. पेला आणि ओठ यांच्यामध्ये सिस्टरच्या दारापर्यंतचे अंतर तिने उभे केले होते. औषधाची कोणतीही पेटी तेवढे काम करू शकली नसती.

दुसरी व्यक्ती म्हणजे सेंट लुईस येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर एडवर्ड डाउलिंग. ते स्वतः मद्यपी नव्हते. संधिवाताने त्यांचे पाय आखडले होते. १९४० च्या हिवाळ्यात एका रात्री काठी टेकत ते न्यूयॉर्कमध्ये विल्सनला भेटायला गेले. संघटनेच्या बारा पायऱ्या आणि संत इग्नेशिअस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' यांतील साम्य त्यांना जाणवले होते आणि विल्सनला तोवर त्या साधनांची काहीच माहिती नव्हती. ही मैत्री १९६० साली फादर डाउलिंग यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १९५१ साली विल्सनची पत्नी लॉइस हिने एका सहकारी स्त्रीसह 'अल-अ‍ॅनॉन' ही मद्यपींच्या नातलगांची संघटना उभी केली. आजार एकाला, पण झोप साऱ्या घराची उडते, ही गोष्ट त्या स्त्रियांनी जाहीरपणे सांगितली.

दवाखान्याचे बाक

आतापर्यंतचे प्रयत्न चर्च, सभा आणि इस्पितळातील एखाद्या दयाळू व्यक्तीवर अवलंबून होते. त्यांना नियमित दवाखान्याचे रूप आले ते १९४४ साली. येल विद्यापीठाने कनेटिकट राज्यातील न्यू हेवन आणि हार्टफर्ड या दोन शहरांत मद्यपींसाठी बाह्यरुग्ण दवाखाने उघडले. डॉक्टर, समाजसेविका आणि समुपदेशक एकाच छपराखाली बसत. रुग्ण कामावरून सुटून येई, बोले आणि घरी जाई. जो माणूस नोकरी करतो, ज्याचे बिऱ्हाड अजून मोडलेले नाही, त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचायचे, हा त्यामागचा हेतू होता. आश्रमाच्या फाटकाशी बहुधा सर्वस्व गमावलेला मनुष्य येई. दवाखान्याच्या बाकावर अजून वाचवण्यासारखे काही हातात असलेला मनुष्य येऊ लागला.

औषधांनीही या पद्धतीला हात दिला. १९४८ साली कोपनहेगन येथे जेन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या संशोधकांनी डायसल्फिरामचा मद्यपींसाठी उपयोग जाहीर केला. जंतांवरील औषध म्हणून ते त्याची चाचणी करीत होते. ती गोळी स्वतः घेऊन पाहिल्यानंतर मद्याच्या घोटाने अंग तापते, छाती धडधडते, मळमळते, असा त्यांना अनुभव आला. ही गोळी रोज सकाळी पत्नीसमोर किंवा आईसमोर घ्यायची आणि दिवसभराचा निर्णय सकाळीच उरकून टाकायचा, अशी घरगुती रीत त्यातून निघाली. येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ही गोळी रुग्णाच्या नकळत आमटीत किंवा भाजीत मिसळून देण्याचा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. तो प्राणघातक ठरू शकतो. ज्याला आपण गोळी घेतली आहे हे ठाऊक नाही, तो नेहमीप्रमाणे पिणार, आणि रक्तदाब एकाएकी घसरून त्याचा जीव धोक्यात येणार. डॉक्टरांची तपासणी आणि रुग्णाची संमती याशिवाय ती देऊच नये.

अफूजन्य नशेच्या बाबतीत असेच वळण १९६५ साली आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील डॉक्टर व्हिन्सेंट डोल आणि डॉक्टर मेरी निस्वांडर यांनी हेरॉइनच्या बावीस रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना ठराविक मात्रेत मेथाडोन दिल्यावर हेरॉइनची वणवण थांबली, आणि ती माणसे शाळेत, कामावर, घरी परतू लागली. एका नशेच्या जागी दुसरी दिली, असा आक्षेप तेव्हाही घेण्यात आला आणि आजही घेतला जातो. परंतु रोज चोरी करून सुई टोचून घेणारा मनुष्य आणि रोज दवाखान्यात येऊन औषध पिऊन कामाला जाणारा मनुष्य, यांच्या घरच्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपल्या देशातही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात सुईने नशा करणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दवाखान्यात रोज समोर बसवून देण्याची पद्धत रुजली आहे.

लंडनमधील शंभर जोडपी

एवढ्या प्रगतीनंतर एक अवघड प्रश्न उरलाच होता. उपचार जितका मोठा, तितका गुण अधिक, हे खरे काय? लंडनचे डॉक्टर ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी जिम ऑरफर्ड यांनी शंभर विवाहित मद्यपी पुरुषांची पत्नींसह कसून तपासणी केली. त्यातील निम्म्यांना दवाखान्यातील सर्व उपचार देण्यात आले. औषधे, मानसोपचार, समाजसेविकेच्या भेटी आणि गरज पडल्यास इस्पितळात खाट. उरलेल्या निम्म्यांना पती-पत्नी एकत्र बसवून एकदाच सविस्तर सल्ला देण्यात आला. दारू सोडावी लागेल, कामावर टिकावे लागेल, संसार सावरावा लागेल आणि ही जबाबदारी तुमचीच आहे, असे त्यांना सांगितले गेले. त्यानंतर महिन्यातून एकदा पत्नीकडे विचारपूस होत असे, इतकेच. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षाअखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या अभ्यासावर पुष्कळ वाद झाले. तो विवाहित पुरुषांपुरता मर्यादित होता आणि ज्याची प्रकृती गंभीर आहे त्याला इस्पितळाची गरज नाही, असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पण उपचार नावाच्या गोष्टीचा बराचसा भाग दवाखान्याबाहेर घडतो, हे त्याने दाखवून दिले. दोघांना शेजारी बसवून कुणीतरी सत्य सांगितले आणि महिन्याने दार ठोठावून 'कसे चालले आहे?' असे विचारले. मोजायला गेले तर एवढेच. आमच्या किती घरांत एवढेही होते?

आमच्या अंगणात

आपल्याकडील इतिहासाची सुरुवात बंदीपासून होते. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. बंदीच्या काळात व्यसनी मनुष्य हा मुख्यतः कायद्याचा विषय राहिला. हातभट्टी खाडीकाठी आणि झोपडपट्टीत पसरली, आणि ज्याला दारूवाचून राहवत नाही त्याने जायचे कुठे, हा प्रश्न मागेच पडला. १९५७ साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे कार्य भारतात सुरू झाले आणि मुंबईतही त्याच्या सभा भरू लागल्या. आमच्या अनेक चर्चच्या सभागृहांनी आणि शाळांनी त्या सभांना जागा दिली. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी उघडणारी ती खोली हाच आमच्या भागातला पहिला बाह्यरुग्ण विभाग होय, असे आम्ही समजतो. तिथे केसपेपर नव्हता, फी नव्हती आणि नावही पूर्ण सांगावे लागत नव्हते.

१९८० च्या दशकात गर्द आले आणि चित्र पालटले. दारू माणसाला वीस वर्षांत जिथे नेई तिथे गर्दने कोवळ्या पोरांना वर्षा-दोन वर्षांत नेले. 'टर्की' हा शब्द आयांच्या तोंडी आला. १९८० साली मद्रास येथे शांती रंगनाथन यांनी, पतीचा व्यसनापायी मृत्यू झाल्यानंतर, टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने उपचारकेंद्र सुरू केले. १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन'ची सुरुवात केली. बारा पायऱ्यांच्या मार्गाला त्यांनी योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून घेतलेल्या योगसाधनेची जोड दिली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या परिसरात 'मुक्तांगण' उभे राहिले. अनिल अवचट यांच्या 'गर्द'वरील लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांडे यांचा त्यास आधार होता आणि डॉक्टर अनिता अवचट यांनी १९९७ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत त्याची धुरा वाहिली.

ही केंद्रे निवासी होती आणि त्या वेळी तशी गरजही होती. परंतु त्यांचा अनुभव त्यांना हळूहळू उंबरठ्याबाहेर घेऊन गेला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुक्तांगणात मुक्काम संपल्यानंतरच्या पाठपुराव्याला आणि पत्नींच्या 'सहचरी' गटाला उपचाराइतकेच महत्त्व मिळाले. मद्रासच्या संस्थेने तामिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात गावातच शिबिरे घेतली, म्हणजे रुग्ण गावाबाहेर गेला नाही, उपचार गावात आला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने त्रिलोकपुरीसारख्या पुनर्वसन वसाहतीत जाऊन दवाखाना चालवला.

शेजारच्या गोव्यात तर याची शास्त्रीय परीक्षाच झाली. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांची निवड केली. काहींना नेहमीचा उपचार मिळाला. काहींना त्याच्या जोडीला समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठकी मिळाल्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारगटात २६ टक्के, तर समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते. शंभरात दहा माणसांचा हा फरक कुणाला लहान वाटेल. ज्या दहा घरांत तो पडला, त्यांना तो लहान वाटला नसेल.

आणि या दहांचे मोल कळायला दुसरा आकडा शेजारी ठेवावा लागतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना त्या मद्यपानासाठी मदतीची गरज होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळाला होता तो १८० पैकी एकाला. एवढ्या खाटा कुठलेही सरकार, कुठलाही मठ उभारू शकणार नाही. उरलेले सदतीस जण आपापल्या घरात आहेत. उपचाराला त्यांच्याकडे जावे लागेल.

सीमा आणि सावधगिरी

घरी राहून उपचार म्हणजे घरच्या घरी उपचार नव्हे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन, नसलेली माणसे दिसून, ताप चढून मृत्यूही ओढवू शकतो. चर्चमध्ये नवस बोलून, खोलीला कडी लावून 'आजपासून बंद' करणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याला पूर्वी असे झटके किंवा भ्रम झाला आहे, ज्याला यकृताचा, हृदयाचा किंवा अन्य गंभीर विकार आहे, ज्याच्या मनात आत्मघाताचे विचार येतात, ज्याच्या घरी जवळ बसायला कुणी नाही, त्याला प्रथम इस्पितळातच न्यावे. बाकीच्यांसाठी डॉक्टर काही दिवसांची उतरत्या मात्रेची औषधे आणि थायामिन हे जीवनसत्त्व देतात, रोज किंवा एक दिवसाआड बोलावतात, आणि मग ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या औषधाचा विचार करतात. औषधांचे काम काही आठवड्यांत मार्गी लागते. माणसांचे काम त्यानंतर सुरू होते.

हे काम कोणते, हे इतिहासानेच सांगितले आहे. कुणीतरी दर आठवड्याला त्याची वाट पाहायची. तो घसरला तर 'सगळे फुकट गेले' असे न म्हणता दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा त्याच बाकावर आणून बसवायचे. टॅलबटने आयुष्यभराची शपथ एका दमात घेतली नव्हती. तीन महिने पार पडल्यावर त्याने ती वाढवली होती. आणि पत्नीला, आईला, मुलांना स्वतःसाठी एक जागा हवी, जिथे 'आमच्या घरी असे आहे' असे म्हणता येईल.

येथे आम्हांला आमच्याच अंगणात पाहावे लागते. वसईपासून उत्तनपर्यंत आमच्या समाजात साखरपुडा असो, लग्न असो की बारसे, पाहुण्याच्या हाती पेला देणे हा मानाचा भाग समजला जातो. सहा महिन्यांपासून न पिणारा एखादा भाऊ मांडवात बसलेला असतो आणि 'आजच्या दिवस घे रे' म्हणणारा त्याचा सख्खा मामा असतो. दवाखान्यातील सहा महिन्यांचे काम त्या एका वाक्यात वाहून जाते. व्यसनी स्त्रीची अवस्था तर याहून बिकट. तिच्या दारूविषयी घरचे दवाखान्यातही बोलत नाहीत. आश्रमात पाठवलेल्या माणसाला मांडवातला मामा भेटत नाही, हे खरे. पण तो कधीतरी परत येणारच असतो. म्हणून घरी राहून उपचार घेणाऱ्याचा खरा दवाखाना म्हणजे त्याचा मांडव, त्याची गल्ली आणि त्याचे नातेवाईक. त्या दवाखान्यात आपण सारे परिचारक आहोत, आपल्याला हवे असो वा नसो.

१८८४ सालच्या त्या शनिवारी मॅट टॅलबटच्या सोबत्यांनी त्याला पेला दिला नाही. त्यांनी हे त्याच्या भल्यासाठी केले असे इतिहास म्हणत नाही. बहुधा त्यांना आपले पैसे वाचवायचे होते. त्यांच्या कंजूषपणातून एक आयुष्य सावरले. आम्ही समजून उमजून, प्रेमाने, एखाद्याचा पेला भरायचा राहू दिला, मांडवात त्याच्या शेजारची खुर्ची घेतली आणि पुढच्या मंगळवारी त्याच्यासोबत दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलो, तर काय होईल? येत्या लग्नसराईत आमच्या प्रत्येक धर्मग्रामाने हे एकदा करून पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.